खाटकाच्या दुकानातला पोऱ्या ते पॅरिस-रूबेचा विजेता, फाउस्टो कोप्पी ४० व्या वर्षी गेला तो चुकलेल्या निदानामुळे

दरवर्षी एप्रिल महिना आला की युरोपातल्या सायकलप्रेमींचा एकच खेळ सुरू होतो. यंदा पॅरिस-रूबे कोण जिंकणार, याचा अंदाज बांधायचा. आपल्याकडे आयपीएलच्या फायनलआधी जशी चर्चा रंगते, तशीच. कोण फॉर्मात आहे, कोणाची टीम तगडी आहे, रविवारी पाऊस पडेल का, इथपासून ते टायरमध्ये हवा किती भरावी, इथपर्यंत सगळ्यावर वाद होतात.

२०२५ मध्ये तर ही चर्चा शिगेला पोहोचली होती. कारण टूर द फ्रान्स जिंकलेला तादेय पोगाचार पहिल्यांदाच ही शर्यत खेळणार होता. डोंगर चढण्यात ज्याचा हात कुणी धरू शकत नाही, तो उत्तर फ्रान्सच्या दगडी रस्त्यांवर टिकेल का, हा प्रश्न होता. तो टिकला, पण एका वळणावर रस्त्याबाहेर गेला आणि दुसरा आला. मातियू व्हान डर पूलनं सलग तिसऱ्यांदा बाजी मारली.

डोंगर चढणारा माणूस दगडांवर जिंकू शकतो का, हा प्रश्न मात्र नवा नाही. ७५ वर्षांपूर्वी एका इटालियन माणसानं त्याचं उत्तर देऊन ठेवलंय.

त्याचं नाव फाउस्टो कोप्पी.

पण त्याची गोष्ट एका शर्यतीपुरती नाही. त्यात युद्ध आहे, तुरुंग आहे, भावाचा मृत्यू आहे, देशभर गाजलेला कोर्टातला खटला आहे. आणि शेवटी एक ताप आहे, जो वेळेत ओळखला गेला असता तर कदाचित हा माणूस म्हातारा होऊन गेला असता.

आधी समजून घेऊ, पॅरिस-रूबे म्हणजे नेमकं काय?

ही एका दिवसाची शर्यत. सुरुवात १८९६ ची. म्हणजे टूर द फ्रान्सपेक्षाही सात वर्षं जुनी. नावात पॅरिस असलं तरी हल्ली ती पॅरिसच्या उत्तरेला असलेल्या काँपियेन्यपासून सुरू होते आणि बेल्जियमच्या सीमेजवळच्या रूबे शहरातल्या व्हेलोड्रोमवर, म्हणजे सायकलच्या गोल ट्रॅकवर संपते. अंतर साधारण २६० किलोमीटर.

त्यातले ५५ किलोमीटरच्या आसपासचे रस्ते दगडी चिऱ्यांचे असतात. फ्रेंचमध्ये त्यांना 'पावे' म्हणतात. आपल्या जुन्या शहरांतल्या फरसबंदीसारखी गुळगुळीत फरशी डोळ्यांसमोर आणू नका. हे शेतातले रस्ते आहेत. दगड वरखाली झालेले, मधे फटी, दोन्ही बाजूंना माती. कोरडं असेल तर धूळ, पाऊस असेल तर चिखल. या शर्यतीला 'उत्तरेचा नरक' म्हणतात. हे नाव मात्र दगडांमुळे पडलेलं नाही. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये शर्यत पुन्हा सुरू करायची होती, तेव्हा रस्ता पाहायला गेलेल्या लोकांना तोफगोळ्यांनी उद्ध्वस्त झालेला प्रदेश दिसला. तिथून हे नाव आलं.

आता इथं कोण जिंकतं? डोंगरात हलकं शरीर फायद्याचं असतं, कारण वजन वर ओढायचं असतं. दगडांवर उलटं होतं. रस्ता सपाट असतो, पण प्रत्येक दगड सायकलला झटका देतो आणि वेग खातो. त्यामुळे अंगात ताकद असलेला, थोडा वजनदार, सायकलवर घट्ट बसणारा माणूस इथं पुढे राहतो. शिवाय दगडी पट्टा सुरू होण्याआधी पहिल्या काही जणांत असावं लागतं, कारण मागे कुणी पडला की सगळे अडकतात. शेवटी ट्रॅकवर दोघं-तिघं एकत्र आले, तर ज्याची स्प्रिंट चांगली तो जिंकतो. आणि एवढं सगळं जुळून आलं तरी एक पंक्चर खेळ संपवू शकतं.

या हिशेबानं पाहिलं तर लांब पायांचा, सडपातळ, डोंगरात एकटा पळणारा कोप्पी कागदावर इथला माणूस वाटत नाही.

खाटकाच्या दुकानातून सुरुवात

फाउस्टोचा जन्म १५ सप्टेंबर १९१९ चा. गाव कास्तेलानिया. इटलीच्या पिएमाँते भागातल्या टेकड्यांमधलं हे छोटंसं खेडं. घरची शेती, पाच भावंडं, फाउस्टो चौथा. लहानपणी तब्येत नाजूक. शाळेत मन कमी, सायकलवर जास्त.

किशोरवयात तो जवळच्या नोव्ही लिगुरे गावात एका खाटकाकडे कामाला लागला. काम काय, तर गिऱ्हाईकांच्या घरी मांस पोहोचवायचं. आजच्या भाषेत डिलिव्हरी बॉय. टेकड्यांमधून रोज सायकल मारायची. त्याचा एक काका जहाजावर अधिकारी होता. नावही फाउस्टोच. पोराचं सायकलवेड पाहून या काकानं रेसिंग सायकलसाठी पैसे दिले.

याच गावात त्याला त्याचे गुरू भेटले. बियाजिओ काव्हान्ना. ते मालिश करायचे, सायकलपटू घडवायचे आणि पूर्ण अंध होते. खेळाडूचे स्नायू हातानं चाचपून ते सांगायचे की याच्यात दम आहे की नाही. आज जे काम पॉवर मीटर आणि लॅबमधल्या चाचण्या करतात, ते काव्हान्नांची बोटं करायची. फाउस्टोच्या पायांवरून हात फिरवल्यावर त्यांनी त्याला आपल्याकडे ठेवून घेतलं. काय खायचं, किती झोपायचं, किती किलोमीटर मारायचे, सगळं ते ठरवायचे. पुढे आयुष्यभर फाउस्टोनं त्यांचं ऐकलं.

मदतनीस म्हणून आला आणि मालकालाच हरवून गेला

१९४० मध्ये फाउस्टो लेन्यानो या मोठ्या टीममध्ये आला. टीमचा हिरो होता जिनो बार्ताली. टूर द फ्रान्स आणि जिरो द'इटालिया दोन्ही जिंकलेला, इटलीचा लाडका. फाउस्टोचं काम बार्तालीची मदत करणं. म्हणजे त्याच्यासाठी वारा अडवणं, पाणी आणणं, गरज पडली तर आपली सायकल देणं.

पण त्या वर्षीच्या जिरोमध्ये सुरुवातीलाच बार्ताली पडला आणि मागे राहिला. पुढे फ्लोरेन्स ते मोदेना या टप्प्यात फाउस्टो डोंगरात एकटाच निघून गेला आणि गुलाबी जर्सी त्याच्या अंगावर आली. ती त्यानं शेवटपर्यंत सोडली नाही. वयाच्या २० व्या वर्षी तो जिरो जिंकणारा सर्वात तरुण खेळाडू ठरला.

शर्यत संपली ९ जून १९४० ला. १० जूनला इटली दुसऱ्या महायुद्धात उतरली.

तो सैन्यात होता. तरी सुरुवातीला त्याला सायकल चालवू दिली गेली. नोव्हेंबर १९४२ मध्ये, मिलान शहरावर बॉम्ब पडत असताना, तिथल्या व्हिगोरेली ट्रॅकवर त्यानं एका तासात ४५ किलोमीटर ७९८ मीटर अंतर कापलं. हा जागतिक विक्रम पुढची १४ वर्षं टिकला.

त्यानंतर काही महिन्यांतच त्याला उत्तर आफ्रिकेत लढायला पाठवलं. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांनी त्याला पकडलं. वयाची २३ ते २५ ही वर्षं, जेव्हा सायकलपटू सर्वात वेगानं घडतो, ती त्यानं युद्धकैद्यांच्या छावणीत काढली.

१९४५ च्या सुरुवातीला त्याला इटलीत आणलं गेलं. नेपल्सच्या बाजूला ब्रिटिशांच्या तळावर तो पडेल ते काम करत होता. जवळ सायकल नव्हती. तिथल्या एका वर्तमानपत्रानं वाचकांना आवाहन केलं, तेव्हा जवळच्या गावातल्या एका सुतारानं आपली सायकल त्याला देऊन टाकली. युद्ध संपल्यावर थोडं सायकलवर, थोडं मिळेल त्या गाडीतून तो शेकडो किलोमीटर उत्तरेला आपल्या घरी पोहोचला. त्याच वर्षी त्यानं ब्रुनाशी लग्न केलं.

१४ मिनिटांचा विजय

१९४६ ची मिलान-सान रेमो ही युद्धानंतरची पहिली मोठी शर्यत होती. कोप्पी आता बियांकी टीममध्ये होता. त्यानं शर्यतीच्या सुरुवातीलाच हल्ला चढवला आणि सान रेमोला पोहोचला तेव्हा दुसरा आलेला सायकलपटू १४ मिनिटं मागे होता.

पुढच्या काही वर्षांत इटलीचे दोन भाग पडले. एक बार्तालीचा, एक कोप्पीचा. बार्ताली तस्कनीचा, देवभोळा कॅथलिक, जुन्या वळणाचा. कोप्पी कमी बोलणारा, आधुनिक, आहार आणि सरावाचा शास्त्रशुद्ध विचार करणारा. घराघरांत यावरून भांडणं होत. दोघांची चुरस इतकी टोकाला गेली की १९४८ च्या जागतिक स्पर्धेत, नेदरलँड्सच्या फाल्कनबर्गमध्ये, एकाच देशाकडून खेळत असूनही दोघं फक्त एकमेकांवर नजर ठेवत राहिले आणि शेवटी दोघंही शर्यत सोडून निघून गेले. इटलीच्या फेडरेशननं दोघांवर बंदी घातली.

१९४९ मध्ये कोप्पीनं त्याचं उत्तर दिलं. जिरोच्या कुनेओ ते पिनेरोलो या टप्प्यात पाच मोठे घाट होते. तो पहिल्याच घाटात सुटला आणि १९२ किलोमीटर एकटा चालवत राहिला. दुसरा आलेला बार्ताली जवळपास १२ मिनिटं मागे होता. त्याच वर्षी त्यानं टूर द फ्रान्सही जिंकली. एकाच वर्षात जिरो आणि टूर दोन्ही जिंकणारा तो जगातला पहिला सायकलपटू.

आणि मग येतं रूबे

१९४९ च्या एप्रिलमध्ये पॅरिस-रूबेमध्ये एक विचित्र प्रकार घडला. त्याच्या केंद्रस्थानी होता फाउस्टोचा धाकटा भाऊ, सेर्से कोप्पी.

सेर्से हा फाउस्टोच्या अगदी उलट. हसरा, बोलका, मित्रांत रमणारा. तोही व्यावसायिक सायकलपटू होता, पण भावाच्या तोडीचा नाही. फाउस्टोला मात्र तो सोबत लागायचाच. मोठ्या शर्यतींत दोघं एकाच खोलीत राहायचे. सेर्से असला की फाउस्टोचं मन थाऱ्यावर राहायचं.

त्या दिवशी तीन जण पुढे निघून गेले होते. फ्रान्सचा आंद्रे माए त्यांच्यापैकी एक. व्हेलोड्रोमजवळ आल्यावर त्यांना चुकीचा रस्ता दाखवला गेला. गोंधळात ते ठरलेल्या दारातून न जाता भलत्याच बाजूनं स्टेडियममध्ये शिरले. स्प्रिंट झाली, माए जिंकला. थोड्या वेळानं मागचा घोळका नीट रस्त्यानं आत आला आणि त्यातली स्प्रिंट सेर्सेनं जिंकली.

इटालियन गोटातून तक्रार गेली. पुढचे तिघं पूर्ण मार्गानं आलेच नाहीत, म्हणजे खरा विजेता सेर्से, असा युक्तिवाद होता. आधी सेर्सेला विजेता केलं. मग फ्रेंच फेडरेशननं माएला परत विजेतेपद दिलं. मग प्रकरण आंतरराष्ट्रीय संघटनेकडे गेलं. सात महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये निकाल आला, की दोघंही विजेते.

म्हणजे जगातला सर्वात मोठा सायकलपटू फाउस्टो, पण रूबेचं विजेतेपद घरात आणलं ते धाकट्यानं. तेही वादात अडकलेलं, अर्धं.

९ एप्रिल १९५०

पुढच्या वर्षी ईस्टरच्या रविवारी फाउस्टो स्वतः सुरुवातीच्या रेषेवर होता.

त्याच्या सायकलला कॅम्पाग्नोलो कंपनीचा नवा गिअर होता. आज गिअर बदलायला बटण दाबलं की झालं. तेव्हा तसं नव्हतं. सीटमागच्या एका दांडीनं मागचं चाक सैल करायचं, पेडल उलटं मारायचं, तीच दांडी वापरून साखळी दुसऱ्या चक्रीवर ढकलायची आणि चाक पुन्हा घट्ट करायचं. हे सगळं चालत्या सायकलवर. दगडांच्या रस्त्यांच्या मधे.

शर्यत अरास शहरात आली. इथं खेळाडूंना खाण्याच्या पिशव्या दिल्या जात. सगळ्यांचं लक्ष पिशव्यांकडे असताना कोप्पीनं वेग वाढवला आणि घोळका सोडला. पुढे दोन जण आधीच निघालेले होते, त्यातला एक फ्रान्सचा मॉरिस दियो. कोप्पीनं त्यांना गाठलं. मग एक गळाला. राहिले कोप्पी आणि दियो.

रूबे अजून सुमारे ४५ किलोमीटर दूर असताना कोप्पीनं दियोलाही मागे टाकलं. आता पुढे कुणी नाही, सोबत कुणी नाही. अशा शर्यतीत एकट्यानं इतकं अंतर जाणं म्हणजे वारा सगळा आपल्याच छातीवर घेणं. पण कोप्पीला एकट्यानं पळायचीच सवय होती. एका लयीत पेडल मारत राहण्याची जी ताकद त्याला घाटात आणि तासाच्या विक्रमात उपयोगी पडली, तीच इथं कामी आली. सायकलवर तो इतका स्थिर बसायचा की दगडांचे झटके त्याचा वेग तोडू शकले नाहीत.

तो अडीच मिनिटांहून जास्त फरकानं जिंकला. तिसरा आलेला त्याचाच देशबांधव फिओरेंझो मान्यी पाच मिनिटांहून जास्त मागे होता. २४७ किलोमीटरच्या शर्यतीत त्याचा सरासरी वेग ताशी ३९ किलोमीटरच्या पुढे होता. असं सांगतात की दुसऱ्या आलेल्या दियोनं आपणच पॅरिस-रूबे जिंकलो असं पत्रकारांना सांगितलं होतं. कोप्पीची आपली तुलनाच नाही, त्यामुळे त्याला मोजायचंच नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

कॅम्पाग्नोलोनं पुढे त्या गिअरचं नावच 'पॅरिस-रूबे' ठेवलं.

सेर्सेचा मृत्यू

१९५० च्याच जिरोमध्ये पडून फाउस्टोचं ओटीपोटाचं हाड मोडलं. त्यातून तो सावरत होता, तोच १९५१ उजाडलं.

२९ जूनला तोरिनो शहरात पिएमाँतेची शर्यत संपत होती. शेवट जवळ आलेला असताना सेर्सेचं चाक ट्रामच्या रुळात अडकलं. तो पडला, डोक्याला मार लागला. पण उठला, शर्यत पूर्ण केली, हॉटेलवर गेला. फार काही झालं नाही, असंच सगळ्यांना वाटलं. काही तासांत त्याची तब्येत ढासळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. त्याच संध्याकाळी तो गेला.

फाउस्टोनं सायकल सोडून द्यायचं ठरवलं होतं. पण काही दिवसांतच टूर सुरू होणार होती आणि तो तिथं गेला. शरीर तिथं होतं, मन नव्हतं. मोंपेलियेच्या टप्प्यात तो इतका कोलमडला की वेळेच्या मर्यादेत पोहोचणंही मुश्कील झालं. शेवटी तो दहावा आला.

वर्षभरानं, १९५२ मध्ये, तो पुन्हा रूबेला आला. या वेळी त्यानं वारंवार हल्ले चढवले, पण बेल्जियमचा रिक व्हान स्टीनबर्गन मागे हटला नाही. दोघं ट्रॅकवर एकत्र आले. व्हान स्टीनबर्गन त्या काळातला सर्वात वेगवान स्प्रिंटरांपैकी एक. निकाल ठरलेलाच होता. कोप्पी दुसरा आला. आणि तिसरा कोण? १९४९ मध्ये सेर्सेसोबत विजेतेपद वाटून घेतलेला आंद्रे माए.

त्या उन्हाळ्यात मात्र कोप्पीला कुणी अडवू शकलं नाही. जिरो जिंकली. टूरमध्ये आल्प द्युएझचा घाट पहिल्यांदाच चढला गेला, तिथंही तोच पहिला. एकूण शर्यत त्यानं २८ मिनिटांच्या फरकानं जिंकली. त्याची आघाडी इतकी वाढली होती की बाकीच्यांना लढायला काही कारण उरावं म्हणून आयोजकांनी दुसऱ्या क्रमांकाचं बक्षीस वाढवलं.

१९५३ मध्ये पाचवी जिरो आणि मग स्वित्झर्लंडच्या लुगानोमध्ये जागतिक विजेतेपद. तिथं शेवटपर्यंत त्याच्या चाकाला चिकटून राहिलेला माणूस होता जर्मेन डेरिक, त्याच वर्षीचा पॅरिस-रूबे विजेता. कोप्पीनं त्याला सहा मिनिटांहून जास्त मागे सोडलं.

प्रेम गुन्हा ठरलं

लुगानोच्या आसपासच एक स्त्री त्याच्यासोबत दिसू लागली. जुलिया ओकिनी. ती एका डॉक्टरची बायको. ते डॉक्टर कोप्पीचेच चाहते. कोप्पीचंही लग्न झालेलं, मुलगी लहान. १९५४ च्या जिरोच्या वेळी जुलियाच्या पांढऱ्या कोटावरून एका फ्रेंच पत्रकारानं तिचा उल्लेख 'पांढऱ्या पोशाखातली बाई' असा केला आणि तेच नाव तिला चिकटलं.

आज हे वाचताना सेलिब्रिटी गॉसिप वाटेल. पण तेव्हाच्या इटलीत घटस्फोटाचा कायदाच नव्हता. तो आला १९७० मध्ये. विवाहबाह्य संबंध हा फौजदारी गुन्हा होता. जुलियाच्या नवऱ्यानं तक्रार केली. पोलीस रात्री-अपरात्री घरी धडकले. जुलियाला काही दिवस तुरुंगात काढावे लागले. पोप बारावे पायस यांनीही नापसंती व्यक्त केली. ज्या लोकांनी कोप्पीला डोक्यावर घेतलं होतं, त्यातले अनेक जण रस्त्याच्या कडेला उभं राहून त्याला शिव्या देऊ लागले.

मार्च १९५५ मध्ये खटला चालला. दोघांनाही शिक्षा झाली, ती स्थगित ठेवली गेली. जुलिया तेव्हा गरोदर होती. इटलीत बाळाला बापाचं नाव मिळणार नव्हतं. म्हणून ती अर्जेंटिनाला गेली आणि मे महिन्यात ब्युनोस आयर्समध्ये त्यांचा मुलगा जन्मला.

खटला आणि बाळाचा जन्म, या दोन्हींच्या मधे एप्रिल होता. एप्रिल म्हणजे पॅरिस-रूबे.

३५ वर्षांचा कोप्पी पुन्हा त्या दगडांवर उतरला. फ्रान्सचा जाँ फोरेस्तिए पुढे निसटला. मागे कोप्पी आणि तेव्हाचा जगज्जेता लुईसों बोबे. दोघंही फेव्हरेट. फोरेस्तिए अवघ्या काही सेकंदांनी जिंकला. कोप्पी दुसरा, बोबे तिसरा. बदनामीच्या सर्वात वाईट काळातही कोप्पी या शर्यतीतला पहिल्या तिघांतला माणूस होता.

त्याच्या गोष्टीत आणखी एक बाब लपवण्यासारखी नाही. त्या काळात अँफेटामिनसारखी उत्तेजकं घेण्यावर बंदी नव्हती आणि अनेक सायकलपटू ती घेत. कोप्पीनं स्वतःही ती घेत असल्याचं उघडपणे मान्य केलं होतं. आजच्या नियमांत हे बसणार नाही. तेव्हा नियमच नव्हते.

शिकार, शर्यत आणि ताप

१९५६ नंतर कोप्पी उतरणीला लागला. शरीर साथ देत नव्हतं, तरी तो थांबत नव्हता. १९६० साठी त्यानं नव्या टीमशी करार केला. या टीमचा मॅनेजर कोण होता माहितीये? जिनो बार्ताली. आयुष्यभराचे प्रतिस्पर्धी आता एकाच गोटात येणार होते.

त्याआधी, डिसेंबर १९५९ मध्ये, कोप्पी काही फ्रेंच सायकलपटूंबरोबर पश्चिम आफ्रिकेतल्या अप्पर व्होल्टाला गेला. हाच आजचा बुर्किना फासो. वाग्दुगूला एक प्रदर्शनीय शर्यत आणि नंतर शिकार, असा बेत होता. जाक आंकेतील होता, राफाएल जेमिनियानी होता. कोप्पी आणि जेमिनियानी एकाच खोलीत झोपले. डास भरपूर होते.

दोघं आपापल्या घरी परतले. काही दिवसांनी दोघांनाही जोरदार ताप भरला.

मलेरिया, म्हणजे हिवताप, डास चावल्याबरोबर कळत नाही. परजीवी आधी यकृतात वाढतो, मग रक्तात उतरतो. त्याला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. आफ्रिकेत सर्रास आढळणारा फाल्सिपेरम हा प्रकार सर्वात घातक. उपचार लांबले तर काही दिवसांत मेंदू, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पण ओळखला तर औषध तेव्हाही होतं. क्विनाईन.

फ्रान्समध्ये जेमिनियानी बेशुद्धीच्या उंबरठ्यावर होता. त्याच्या रक्ताची तपासणी झाली, मलेरिया सापडला, क्विनाईन दिलं गेलं आणि तो वाचला.

इटलीत कोप्पीवर फ्लू आणि फुफ्फुसांच्या संसर्गाचे उपचार सुरू होते. जेमिनियानीच्या घरच्यांकडून निरोप गेला, की हा मलेरिया आहे, तुमच्याकडेही तपासा. तो निरोप डॉक्टरांनी मनावर घेतला नाही. १ जानेवारीला कोप्पीला तोर्तोनाच्या रुग्णालयात हलवलं. २ जानेवारी १९६० ला सकाळी तो गेला. वय ४०.

एकाच खोलीत, एकाच रात्री, एकाच जातीचे डास दोघांना चावले होते. जेमिनियानी ९९ वर्षं जगला. तो २०२४ मध्ये गेला.

आज काय उरलंय?

कोप्पीच्या अंत्ययात्रेला कास्तेलानियाच्या त्या चिमुकल्या टेकडीवर हजारो लोक आले. रस्त्यावरून शिव्या देणारेही त्यात असतील. गावात त्याची समाधी सेर्सेच्या समाधीशेजारी आहे. २०१९ मध्ये, त्याच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, गावाचं अधिकृत नाव कास्तेलानिया कोप्पी झालं. जिरोच्या मार्गातल्या सर्वात उंच घाटाला १९६५ पासून दरवर्षी 'चिमा कोप्पी', म्हणजे कोप्पीचं शिखर म्हणतात.

रूबेच्या यादीत कोप्पी हे आडनाव लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदा येतं. १९४९ ला सेर्से, माएसोबत. १९५० ला फाउस्टो, एकटा.

पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा अंदाजांच्या पोस्ट फिरतील. डोंगरातला माणूस दगडांवर चालत नाही, असं कुणीतरी हमखास म्हणेल. टूर आणि रूबे दोन्ही जिंकलेल्यांची यादी खरंच छोटी आहे, त्यामुळे ते अगदीच चूक नसेल. फक्त त्या यादीत खाटकाच्या दुकानातून मांस पोहोचवणाऱ्या एका पोराचं नाव आहे, हे तेव्हा आठवायला हरकत नाही.

आणि परदेशातून किंवा मलेरियाच्या भागातून परतल्यावर ताप आला, तर आपण कुठं जाऊन आलो, हे डॉक्टरांना आधी सांगायचं आणि रक्त तपासून घ्यायचं, हेही.